खालच्या डेकवरची केबिन

"केबिन तर ठरलेलीच आहे, काकू," बुकिंगवालीनं जहाजाचा नकाशा टेबलावर पसरला. "सगळ्यात वरचा डेक. एक मोठा पलंग, भिंतभर खिडकी. झोपल्या झोपल्या हिमनग दिसतील."

टेबलाच्या अलीकडे दोन काकू बसल्या होत्या. एक मुलाची आई, एक मुलीची आई. ध्रुवाकडची ही सफर त्यांच्या पोरांनी बरे दिवस असताना ठरवली होती. गेल्या महिन्यात दोघांचा काडीमोड झाला. जागा परत करता येत नाही, पण घरातल्या कुणाच्या नावावर करता येते, असं कळल्यावर मुलानं आपली जागा आईला देऊन टाकली. मुलीनंही आपली आईला देऊन टाकली. दोघांचं बोलणंच बंद, मग हे एकमेकांना सांगणार कोण? करायला गेले एक अन् झालं भलतंच. दोघी आया सकाळी सकाळी पासपोर्ट घेऊन त्या कचेरीत दाखल झाल्या आणि आता एकाच पलंगाच्या चित्राकडे बघत होत्या.

"तुम्ही जा," मुलीची आई म्हणाली.

"छे हो. तुम्हीच जा. तुम्हाला फिरायची हौस आहे."

"हौस आहे, पण गुडघे कुठे आहेत? तुम्हीच जा."

विहिणी इतकी वर्षं अशाच बोलत आल्या होत्या. कुणी काही देऊ केलं की तीनदा नको म्हणायचं, आणि मनातलं काही म्हणायचंच नाही. बुकिंगवालीला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला आजच्या आज नावं कळवायची होती.

"दोघींनाही जाता येईल की," ती म्हणाली. "केबिन बदलून देते. खालच्या डेकवर एक शिल्लक आहे, जहाजाच्या अगदी मध्यावर. दोन वेगळे पलंग, मध्ये हातभर जागा. खिडकी ताटाएवढी. समुद्र खवळला की तिच्यावर लोखंडी झाकण लावतात, मग काही दिसत नाही. पण तिथं हलतं सगळ्यात कमी."

"आणि वर?"

"वर खिडकी मोठी, तसे हेलकावेही मोठे. बऱ्याच जणांना उलट्या होतात."

"म्हणजे बघायचं असेल तर ओका, आणि ओकायचं नसेल तर बघू नका," मुलाची आई म्हणाली. "संसारासारखंच झालं की."

मुलीची आई हसली. मग आपण हसलो हे लक्षात आल्यासारखी पर्सची चेन उगाच मागेपुढे करत बसली.

"हातभर अंतरावर मला नाही जमायचं," ती म्हणाली. "राग मानू नका. त्या घरातल्या कुणाशी बोलायचं नाही, असं लेकीनं बजावलंय. आणि तिचं काही चुकत नाही. तुमच्या मुलानं फार रडवलं तिला."

"रडवलं," मुलाची आई म्हणाली. "मी त्याच्या तोंडावर सांगितलं तसं. तेव्हापासून मलाही बंदी आहे, तुमच्याकडे फोन करायचा नाही." तिनं नकाशाची दुमडलेली कड बोटानं सरळ केली. "मला तुमची फार आठवण येते हो, विहीण—"

पुढचं तिनं गिळलं. आता काय म्हणून हाक मारायची, हे तिला सुचेना.

आठवण मुलीच्या आईलाही येत होती. पण तिला रोज लेकीचं तोंड बघायचं होतं. "ज्यांनी नातं जोडलं त्यांनीच ते तोडलं," ती म्हणाली. "आपण मध्येच धरून बसलो तर आपलाच हात कापायचा." ती उठली. "बाळ, माझं नाव काढून टाक. या एकट्याच जातील."

ती दाराकडे निघाली. मुलाच्या आईनं तिला थांबवलं नाही. तिला रडू येत होतं, आणि परक्या मुलीसमोर रडायचं नव्हतं.

"मग तुमच्या एकटीसाठी कुठली करू, काकू?" बुकिंगवालीनं विचारलं.

"खालचीच कर. बर्फ कमी दिसला तरी चालेल, म्हातारी पडायला नको."

"आणि एक नंबर सांगून ठेवा. तिकडे मोठं इस्पितळ नाही. काही झालंच तर आम्ही कळवायचं कुणाला?"

मुलाच्या आईनं फोन न बघता, पाढा म्हणावा तसा घडाघडा नंबर सांगितला. मुलीच्या आईनं दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. तो तिथंच राहिला.

"कुणाचा नंबर हा? तुमचं कोण लागतं?"

"सून," मुलाची आई म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिच्या लक्षात आलं. "अगंबाई. खोड, खोड तो. मुलाचा देते." तिनं फोन बाहेर काढला, मग पर्समध्ये चष्मा शोधू लागली. चष्मा सापडेना. मुलाचा नंबर तिला कधी पाठ करावाच लागला नव्हता. काही दुखलं खुपलं, गॅस संपला, घाबरल्यासारखं झालं, की ती सुनेलाच फोन लावायची, आणि सून यायची.

मुलीची आई परत आली. खुर्ची ओढून बसली. समोरचीच्या डोळ्यांकडे तिनं बघितलं नाही, कारण तिचेही भरले होते.

"खोडू नकोस," ती बुकिंगवालीला म्हणाली. "माझं नाव काढलंस का?"

"नाही अजून."

"राहू दे मग. ती खालची केबिन दोघींची कर."

"बरं. आणि तुमचं काही झालं तर कुणाला कळवायचं, काकू?"

"तोच नंबर लिही," मुलीची आई म्हणाली. "दोन्ही आयांचं तिला एकाच फोनात कळेल."