वैमानिकाची चूक

"बसा," म्हातारा म्हणाला.

"बसायला आले नाही मी. आवाजाची फीत जळून गेली असं तुम्ही अहवालात लिहिलंत. आज मी ती डोळ्यांनी पाहिली. तिला साधा चटकासुद्धा लागलेला नाही."

म्हाताऱ्याची सून पाणी घेऊन आली होती. दोघांच्या तोंडाकडे पाहून तिने पेला टेबलावर ठेवला आणि ती आल्या पावली आत गेली.

म्हातारा एके काळी विमान अपघातांचा तपास करणाऱ्या कार्यालयाचा प्रमुख होता. आता त्याच्यासमोर उभी असलेली बाई त्याच कार्यालयात वरिष्ठ अधिकारी होती. एका खाजगी कंपनीचं टपालाचं विमान डोंगरावर आदळलं होतं. आत एकटा वैमानिक होता, तो जागीच गेला. म्हाताऱ्याने तपास केला आणि अहवालाच्या शेवटी दोनच शब्द लिहिले: वैमानिकाची चूक.

तो वैमानिक या बाईचा बाप होता.

तेव्हा ती शाळेत होती. तिचं गणित चुकलं की वर्गातली पोरं म्हणायची, "चुकणारच! मुलगी कोणाची?" एकदा तिने एकीच्या वेण्या अशा ओढल्या की आईला शाळेत बोलावणं आलं. राग तिथे रुजला आणि तिने तो वाया जाऊ दिला नाही. कोणी आवडीपायी शिकतं, कोणी पोटापायी. ती रागापायी शिकली. विमानांचं इंजिनिअरिंग केलं, हँगरमध्ये कोपरापर्यंत हात काळे केले, मग हट्टाने तपासाच्या खात्यात आली. जळक्या पत्र्यांच्या ढिगात गुडघे टेकून तिने कितीतरी अपघातांची खरी कारणं उकरून काढली. तिच्यामागे सहकारी म्हणायचे, "मॅडमच्या हाती तुटका स्क्रू द्या, तोही कबुलीजबाब देईल."

पण बापाच्या फाइलला हात लावायची तिला बंदी होती. घरचं माणूस, म्हणून. शेवटी तिने वरच्यांच्या नाकी असे नऊ आणले, की त्यांनी निमूटपणे नवी समिती नेमली. कोठारातून कॉकपिटमधल्या आवाजाची फीत निघाली. सीलबंद पारदर्शक पिशवीत, धडधाकट. सील उद्या सगळ्यांसमोर तोडायचं आणि तोवर फीत कोणीच ऐकायची नाही, असं ठरलं. तिनेही नाही.

"त्या कंपनीची इंजिनं हवेत बंद पडायची," ती म्हणाली. "बाकीच्या वैमानिकांनी तक्रारी केल्या होत्या. तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"तरी माणसाच्या माथी मारलंत. मेलेलं माणूस उलट बोलत नाही ना!"

म्हाताऱ्याने खिडकीबाहेर पाहत विचारलं, "तुमच्या आई काय म्हणतात?"

"आईला यात ओढू नका."

आई स्वतःच यापासून चार हात लांब राहायची. "त्या वर्षी ते फार गप्प गप्प असायचे," एवढंच कधीतरी तिच्या तोंडून निघे. "तुझ्याशी खेळताना तेवढे हसायचे." मुलीला त्याचंही नवल नव्हतं. कंपनीने चरकात घातल्यासारखं पिळून काढल्यावर माणूस गप्प होणार नाही तर काय?

"पोरी," म्हातारा एकदम म्हणाला, "एक ऐक. ती फीत उद्या चारचौघांत लावू नकोस. आधी तू एकटी ऐक. दार लावून."

"म्हणजे मी फितीत फेरफार केला असं म्हणायला कंपनीचे वकील मोकळे! वय झालं तरी डोकं चालतंय तुमचं."

"मग माझ्यावर ढकल. मी लाच खाल्ली म्हण. मी कोर्टात कबूल करीन. फीत तेवढी राहू दे."

ती हसली. इतकी वर्षं तिने याच क्षणाची वाट पाहिली होती. "घाबरलात!"

"हो," म्हातारा म्हणाला. "घाबरलोय."

तिने दार असं आपटलं की भिंतीवरची तसबीर वाकडी झाली.

दुसऱ्या दिवशी समितीची खोली माणसांनी खच्चून भरली. एका अंगाला कंपनीचे वकील, दुसऱ्या अंगाला पत्रकार. आई नको नको म्हणत होती, पण तिने ऐकलं नाही. "आज बाबांचं नाव धुऊन निघणार आहे," म्हणत तिने आईला हाताला धरून आणलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. म्हातारा न बोलावता आला होता. मागच्या भिंतीशी उभा होता. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. पळ आता, म्हणावं, कुठे पळतोस ते.

सील तुटलं. फीत फिरू लागली.

आधी नुसती खरखर. मग इंजिनांचा आवाज. इंजिनाचा सूर तिला आईच्या पावलांसारखा ओळखता यायचा. दोन्ही इंजिनं एका लयीत, गुळगुळीत चालली होती. आता एक अडखळेल, तिने मनाशी म्हटलं. आता. वकील एकमेकांकडे पाहू लागले. इंजिनं चालतच होती.

आणि बाबांचा आवाज आला. शांत, घरात पाणी मागावं तसा.

"तपासाला जे कोणी येतील, त्यांना हात जोडून सांगतो. विमानात काही बिघाड नाही. पण माझी चूक झाली, असंच लिहा. माझी मुलगी लहान आहे."