करंगळी

भात कापताना विळा लागून रत्नदीपच्या मनगटातला मज्जातंतू तुटला. डॉक्टरांनी तो जोडून त्याभोवती आपोआप विरघळणारं वेष्टण गुंडाळलं. आता ते विरघळलंही असेल, पण करंगळी बधिर ती बधिरच.

रोजच्यासारखं नम्रतानं नवऱ्याला डोळे मिटायला लावलं. ती कापूस फिरवणार, त्यानं बोट ओळखायचं.

"करंगळीला कळतंय!" तो हरखला. "पर कापूस न्हाई ह्यो. बारक्या मुठीत धरलीया कुणी."

नम्रतानं कापसाची पुडी अजून फोडलीच नव्हती.

गेल्या साली गेलेली त्यांची दीपा तीच करंगळी धरून अंगणवाडीत जायची.

"दाराकडं वढतीया," तो म्हणाला. "उघडू डोळे?"

करंगळी ताठ ताणली होती. तिच्यावर चार इवले खळगे पडले होते.

"इतक्यात नगा उघडू," म्हणत नम्रतानं दाराला आतून कडी घातली.