डोंगरी टोळीची आरोळी

घरात त्याला सगळे शंकासूर म्हणत. लढाईच्या एका कॉम्प्युटर गेममध्ये भर घालायला म्हणून तो इतिहासातल्या रानटी टोळ्या निवडत होता, आणि पुराव्याशिवाय कुणाच्या हातात साधा भालाही देत नव्हता. या टोळ्यांशी लढणाऱ्या सम्राटाच्या घोडदळाचे लाल तुरे तर त्याने दहा ग्रंथ चाळून महिनाभर खपून रंगवले होते. आता घोडं अडलं होतं ते एका डोंगरी टोळीपाशी. तिची युद्धातली आरोळी कुठल्याच पुस्तकात सापडेना.

“ती मी देते, भाऊजी,” कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनी म्हणाली.

त्याने चमकून मान वर केली. लग्न होऊन आल्यापासून चार महिन्यांत जिने या खेळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तिला आजच एवढा पुळका कसा आला? आपली फिरकी घ्यायला दादाने तर पढवून पाठवलं नसेल?

“पुरावा काय?”

“माझी आजी. माहेर त्याच डोंगरातलं ना माझं.”

“सांगोवांगी चालत नाही हं, वहिनी,” म्हणत त्याने रेकॉर्डिंग सुरू केलं.

पण वहिनी ओरडलीच नाही. मांडीवर बाळ असावं तशी डुलत, अगदी खालच्या आवाजात गायला लागली. त्याने लगेच पकडलं.

“ही कसली आरोळी? ही तर अंगाई आहे!”

“आमच्याकडे एवढंच उरलंय.”

“बरं, अर्थ काय हिचा?”

“रडू नको बाळा, हूं की चूं करू नको,” वहिनी म्हणाली. “लाल तुऱ्यांचे रानटी आलेत.”