मायच्या हातची पुडी

रीता रोज खात होती त्या औषधी पुडीत कोणतं मूळ आहे हे कळल्याशिवाय घरी आलेली नर्सबाई जागची हलायला तयार नव्हती. रीताचं लेकरू जेमतेम दोन महिन्यांचं. चार दिवसांपासून ते नुसतं झोपून होतं, उठवलं तरी दोन घोट पिऊन मान टाकायचं.

"अंगावर पाजतेस ना? मग तू खातेस ते थोडंबहुत त्याच्याही पोटात जातं," नर्सबाई म्हणाली. "नाव माहीत नाही ते खायचं नाही. पुडी बंद, पाजणं चालू. आणि आत्ताच दवाखान्यात चल."

रीताला भीती लेकराची होतीच, पण खरं सांगायचं तर पुडी सुटण्याचीही होती. माय जाऊन सहा महिने झाले होते. नवरा ट्रकवर, सासू-सासरे धानाच्या रोवणीला. दिवसभर बोलायचं कोणाशी, भिंतींशी? दर पंधरा दिवसांनी तिचे वडील, बाबूजी, माहेराहून, बोदलकशाहून एसटीनं यायचे, दूध वाढवायची पुडी उशाशी ठेवायचे आणि चहा पिऊन परत जायचे. मायनं तुझ्यासाठी कुटून ठेवली होती, म्हणायचे. पुडीला मायच्या हिरव्या लुगड्याच्या किनारीची चिंधी बांधलेली असायची. रीता ती सोडायची, आधी नाकाशी धरायची. तेवढंच माहेर उरलं होतं. ही चौथी पुडी, चार दिवसांपूर्वीच सोडलेली. ती बंद करायची म्हणजे मायला पुन्हा एकदा पोचवून येण्यासारखंच होतं.

तिनं बाबूजींना फोन लावला. ते आपले एकच सांगत राहिले, नाव मायलेच माहीत. शेवटी नर्सबाईनं फोन घेतला आणि लेकराचा सवाल आहे, डॉक्टरला नाव लागेल, असं ठणकावलं. रीतालाही ऐकू यावं म्हणून तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"रीताच्या मायनं काईच नव्हतं कुटून ठेवलं," बाबूजी म्हणाले. "मीच बाजारातून आणून राहिलो. या खेपेले नेहमीचा जडीबुटीवाला बसला नव्हता. दुसऱ्याकडून घेतली. नाव नाई इचारलं."

रीताला असा संताप आला की तिनं फोन परत हातात घेतलाच नाही. पुडी डॉक्टरला दाखवायला नर्सबाईनं पिशवीत टाकली. चिंधी मात्र रीतानं सोडली नाही, मनगटाला गुंडाळली.

पुडीतली गुंगी उतरेपर्यंत दवाखान्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लेकरानं टाहो फोडला आणि अधाशासारखं पिऊ लागलं. रीता पाजत होती आणि रडत होती.

दुपारी बाबूजी आले. पहिल्यांदाच रिकाम्या हातानं. दारातच उभे राहिले.

"काऊन केलं असं, बाबूजी?"

माय गेली तसं माहेरही गेलं, असं तिला वाटू नये म्हणून, असं काहीतरी ते पुटपुटले. रीतानं मनगट पुढं केलं.

"आन हे? हेबी बाजारातलंच?"

"नाई बेटा. हे तिचंच हाय." ते चिंधीकडे पाहत राहिले. "रातीले आंगावर घ्याले तिचं एकच लुगडं ठेवलं होतं मी. तेच फाडून राहिलो होतो."