वामन पिंपळखुटे यांचा कान

दिग्रसच्या वाचनालयात यंत्रांची जाहीर परीक्षा होती. मराठी लिहिणारी तीन संगणकी यंत्रं, समोर गावातले चाळीस परीक्षक आणि संयोजक सुचित्राबाई. या दिवसासाठी बाई तीन महिने राबल्या होत्या.

काम सोपं होतं. दिलेल्या पाच ओळींवरून शोकसंदेश लिहायचा. कुणाचं मन दुखायला नको म्हणून मयतसुद्धा बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढला होता: वामन पिंपळखुटे, महागावचे कंपाउंडर, वय बासष्ट. यंत्राने पदरचं काही घातलं की मार्क कापायचे, हा नियम.

तिन्ही यंत्रांनी एकच वाक्य पदरचं घातलं. ‘त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नसे.’

"कॉपी!" बाई कडाडल्या. "कापा तिघांचे मार्क!"

पहिल्या रांगेतल्या रामीबाईंनी पेन खाली ठेवला. "कायले कापाचे, मॅडम? खरं तं हाय. त्या कानानं येतच नोयतं त्यायले."

"अहो, हा माणूसच नाहीये! मंगळवारी भाजी निवडताना बनवलाय मी त्याला!"

"असं काहून म्हणता?" एसटीचे कंडक्टर राजकुमार उठले. "तिकीट इचाराले मी त्यायच्या डाव्या बाजूनंच जात होतो."

सगळ्या माना डोलल्या. एकानेही मार्क कापला नाही. तीन महिन्यांची मेहनत पाण्यात जाताना पाहून बाईंच्या कपाळाची शीर ताठ झाली. त्यांनी टेबलावर हात आपटला.

"साफ खोटं! उजव्यानं चांगलं ऐकू यायचं त्यांना. गेला होता तो डावा कान!"