हाताची सवय

"वैसे काटते नहीं हैं, भाभीजी," मीनाक्षी म्हणाली. "बस, वायर कुतरते हैं. हमारे फ्रिज की कुतर दी थी."

वरच्या मजल्यावरच्या मिसेस अरोरा मटार सोलत होत्या. त्यांनी मान वळवून आपल्या नव्या फ्रिजकडे पाहिलं.

"और बदबू?"

"थोड़ी सी. आदत हो जाती है."

मिसेस अरोरा फार हळहळल्या. "आप तो फिर फँस गयीं," म्हणून त्यांनी वाटीभर मटार दिले. मीनाक्षीने पडलेल्या चेहऱ्याने वाटी घेतली. जिना उतरताना मात्र ती गुणगुणत होती.

फ्रिजची वायर सशांनी कधीच कुरतडली नव्हती.

ससे मूळ पद्मजाचे. मुलगी हॉस्टेलला गेली आणि ससे आईच्या गळ्यात पडले. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत त्यांचा पिंजरा होता. श्रीरंगने, म्हणजे मीनाक्षीच्या नवऱ्याने, त्यांची नावं अंडर सेक्रेटरी आणि जॉइंट सेक्रेटरी अशी ठेवली होती, कारण दोघं दिवसभर बसून हाताला लागेल तो कागद चघळत. दोन्ही नर आहेत असं डॉक्टरने सांगितलं, तेव्हा सगळ्यात जास्त हायसं वाटलं ते सासूबाईंना. "सुटलो," त्या म्हणाल्या होत्या, "नाहीतर संक्रांतीपर्यंत अख्खं मंत्रालय भरलं असतं."

उद्या सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर येणार होती. पुण्याहून थोरले दीर सहकुटुंब आले होते. चार दिवसांची सहल. आधी पानिपतला काला अंब, मग कुरुक्षेत्र, मग हरिद्वार. पानिपतावर मराठे गेले ते गेले. मीनाक्षी मात्र प्रत्येक पाहुण्यामागे नव्याने जाई. खिडकीत कधीच नाही. मागच्या सीटवर, पुऱ्यांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या आणि उलटीच्या पिशव्या यांच्यामध्ये. गाडी थांबली की सगळे उतरून फोटो काढत, ती डबे उघडत असे. प्रत्येक फोटोत ती कडेला होती आणि तिचे हात ओले होते.

तिला ते चार दिवस हवे होते. करायचं काहीच नव्हतं. उन्हात खुर्ची टाकून चहा प्यायचा, तो गरम असेपर्यंत. "मीनू, माझं ते कुठंय?" असं कुणी विचारायचं नाही. बस. पण "मला यायचं नाही" असं सरळ म्हणायची या घरात सोय नव्हती. "बरं नाही का?" पासून सुरू होऊन गाडी "आमचं काही चुकलं का?" पर्यंत गेली असती. सशांपायी मागं राहिलं तर मात्र कुणाला वाईट वाटत नाही. म्हणून ती आठवडाभर "चार दिवस ससे ठेवाल का?" असं विचारत दारोदार हिंडली आणि प्रत्येक दारात सशांचं अगदी मन लावून वर्णन केलं.

घरी आली तेव्हा सासूबाई बाल्कनीत मेथी निवडत होत्या.

"नाही ना म्हणाल्या? जनावर पाळलं की असंच गं," त्यांनी सुस्कारा सोडला. "माझी चंद्री नाही का!"

चंद्री म्हणजे वाईकडच्या घरची म्हैस. सासूबाईंखेरीज कुणाच्या हाताला दूध द्यायची नाही. तिच्यापायी त्यांच्या जत्रा राहिल्या, मुंबईची लग्नं राहिली, काशीसुद्धा राहिली. "सगळे जायचे. मागं एवढ्या मोठ्या घरात चंद्री नि मी," असं म्हणून त्या नेहमी गप्प होत. पद्मजाने शाळेत त्यागावर निबंध लिहिला होता, त्यातही ती म्हैस होती.

एवढ्यात श्रीरंग दारातूनच ओरडला, "प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड! आपल्या मंडळातला विलास आहे ना, मानेसरचा? तो नेतोय ससे. संध्याकाळी येतोय पिंजरा न्यायला."

"पण ते वायरी..."

"सांगितलं सगळं. म्हणाला, कुरतडू देत. त्याने लहानपणी पाळलेत यार. चलो, बॅग भर. आणि पुऱ्या जरा जास्तच कर, दादाला आवडतात."

मीनाक्षी पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. अंडर सेक्रेटरीने जाळीतून तिच्या ओढणीचं टोक ओढून चघळायला घेतलं. तिने ते सोडवलं नाही. मग तिने आत जाऊन परात घेतली, पीठ घेतलं, मीठ टाकलं. पाणी घालताना तिला समोरचं नीट दिसेना.

"श्रीरंग," बाल्कनीतून सासूबाईंचा आवाज आला. "त्या विलासला नको म्हणून सांग."

"का?"

"जॉइंट सेक्रेटरीला दिवस गेलेत."

श्रीरंगने चष्मा काढला. "आई, तो नर आहे. डॉक्टरने..."

"डॉक्टरला काय कळतंय? जन्म गेला माझा जनावरांत. अशात जागा हलवली तर जीव जाईल तिचा. आणि मीनाक्षीच्या हातचं सोडून खात नाही ती. मी बघते ना रोज."

जनावरांच्या बाबतीत चंद्रीच्या मालकिणीपुढे बोलायची घरात कुणाची छाती नव्हती. श्रीरंग फोन घेऊन जिन्यात गेला. जाता जाता बायकोच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "सॉरी, मीनू. पुढच्या वेळी नक्की."

मीनाक्षी पिठाच्या हातांनीच बाल्कनीच्या दारात आली.

"आई, तुमच्या गोळ्या? तिकडे कोण..."

"घेईन की. हात आहेत मला."

सासूबाईंनी मेथीची दुसरी जुडी सोडली. थोडा वेळ खाली मान घालून पानं खुडत राहिल्या. जिन्यातला श्रीरंगचा आवाज पार खाली गेल्यावर म्हणाल्या,

"चंद्री गुणाची होती गं. कुणाच्याही हाताला दूध द्यायची."