घरचं बोलणं

‘भाषा हा समाजाचा आरसा आहे’ हे वाक्य पुष्पांजली मॅडमनी फळ्यावर लिहायला घेतले आणि ‘समाजाचा’पाशी खडू संपला. उरलेले त्यांनी तोंडी सांगितले. मुलांनी फळ्यावर होते तेवढेच वहीत उतरवले.

चिखलीकडच्या त्या कॉलेजात ‘भाषा आणि समाज’ हा पेपर कुणी हौसेने घेतला नव्हता. भूगोलाच्या जागा भरल्या होत्या, एवढेच. मॅडमचेही तसेच होते. पुण्यात शिकून आलेल्या मॅडम तासिका तत्त्वावर होत्या; म्हणजे तास घेतला तर पगार, आणि दर उन्हाळ्यात नोकरी खलास. यंदा मात्र कायम जागा निघाली होती. ती हुकली तर पुढच्या वर्षापासून तासिकाही नाहीत, असे संस्थेने सांगून टाकले होते.

“कोणतीही भाषा अशुद्ध नसते,” मॅडम अतिशय शुद्ध भाषेत म्हणाल्या. “घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मोबाईलवर घेऊन या. त्यांना विचारून घ्या, चोरून नको. घरी बोलतात तसंच बोललं पाहिजे. तुम्हाला गुण मिळतील आणि मला मुलाखतीसाठी शोधनिबंध.”

आठवड्याने मोबाईलवर घेतलेली बोलणी आली. साखरखेर्ड्याच्या मलिहाने आपल्या दादीचे लावले.

“नमस्कार. माझे नाव सलीमा आहे. आमच्या गावामध्ये सर्व काही ठीक आहे.”

उंद्रीच्या महामायाचे आजोबा कचरू तर थेट बातमीपत्रच वाचत होते. दुसरबीडच्या संघपालची आजी अन्नपूर्णाबाई ‘उपस्थित सर्व मान्यवर’पासून सुरू झाली होती. घरात तेव्हा ती, नातू आणि एक बकरी होती.

“हे घरचं बोलणं?” मॅडमनी विचारले.

“दादी आयकतच नाही, मॅडम,” मलिहा म्हणाली. “म्हन्ते, फोटो काढाले नवी साडी नेसतो, मंग आवाजाले काऊन जुनं?”

“आमचा आबा तं मोबाईल दिसला का आंगात कोट घातल्यासारखा बोलते,” महामाया म्हणाली.

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.

“पुढच्या आठवड्यात घरचं बोलणं आलं नाही, तर अंतर्गत गुण विसरा.” मग त्या खुर्चीत बसल्या. तास चालू असताना त्या कधी बसत नसत. “आणि खरं सांगू? तुमचे गुणच जातील. माझं तर सगळंच जाईल.”

बाहेर पडताना मलिहा संघपालला म्हणाली, “कर ना बे काही.”

“मी काय करू?” संघपाल म्हणाला.

पुढच्या आठवड्यात आलेली बोलणी ऐकून मॅडम सुन्न झाल्या.

“काय सांगू बाई,” सलीमादादी म्हणत होती, “पान्यासाठी लय दूर जा लागे. डोक्शावर गुंडी, कडीले लेकरू. अन् घरी आलं का सासू म्हने, उशीर काऊन झाला वं? हाव रे बाप्पा...” आणि मग एक लांब उसासा, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

कचरूआबांनी बैलाचे मरण सांगितले. त्यांचाही तोच हेल आणि शेवटी तोच उसासा. अन्नपूर्णाबाईचा तसाच. अख्ख्या वर्गाच्या आज्या आणि आजोबा एकाच जागी थांबत होते, एकाच जागी श्वास घेत होते.

मॅडमनी ती बोलणी पुन्हा पुन्हा ऐकली. गावे वेगळी, धर्म वेगळे, पण उसासा एक! आपण उगाच इतकी वर्षे वेगवेगळ्या आळ्यांत राहतो, असे त्यांच्या मनात आले आणि डोळ्यांत पाणी आले. शोधनिबंधाला त्यांनी नाव दिले, ‘उसाशाची एकात्मता’.

संघपाल तेवढा त्या आठवड्यात मुका होता. घसा बसला होता. तोंडात ज्येष्ठमधाची कांडी.

“काय झालं रे?”

“हवा बदलली, मॅडम,” तो कसाबसा म्हणाला.

मुलाखतीआधी निवड समितीचा निरोप आला. निबंध आवडला, पण दोन-तीन बोलणाऱ्यांशी फोनवर बोलायचे आहे, नंबर द्यावेत. मॅडमनी वर्गात सांगितले. मुलांनी एकमेकांकडे पाहिले आणि नंबर लिहून दिले.

“घरच्यांना त्या दिवशी मोबाईल जवळ ठेवायला सांगाल ना?”

“मोबाईल जवळच राहीन, मॅडम,” मलिहा म्हणाली. “अन् आमीबी येतो सारे. तुमाले धीर.”

मुलाखतीच्या खोलीत विषयतज्ज्ञांनी चष्मा पुसला. “मुसलमान आजी, बौद्ध आजोबा, आणि हेल एकच? मला हे पटत नाही, मॅडम.”

“सर, आपण वरवर वेगळे आहोत,” मॅडम म्हणाल्या. “थकलो की सारखेच बोलतो.”

तज्ज्ञांनी नंबर लावला आणि मोबाईल टेबलावर ठेवला.

“हॅलो, सलीमादादी का?”

“हाव. कोन बोलून राह्यलं?”

“कॉलेजातून. पुष्पांजली मॅडमबद्दल विचारायचं होतं.”

“मॅडम? लय भल्या हायेत बाप्पा. आमच्या पोरीले आपलं बोलनं बोलाची लाज वाटे. आता नाही वाटत. त्याह्यले घरी नका बसवू, साहेब.” आणि मग तो लांब उसासा.

तज्ज्ञांनी समितीकडे पाहिले; समितीने मान हलवली.

“माझी शंका मी मागे घेतो,” तज्ज्ञ म्हणाले. “असा आवाज शिकवून येत नाही. आता उंद्रीच्या कचरूआजोबांनाही ऐकू.”

डोळे दिसू नयेत म्हणून मॅडम खिडकीकडे वळल्या. खाली कडुनिंबाच्या सावलीत त्यांचा सगळा वर्ग गोल करून उभा होता. त्या गोलात संघपाल बसला होता. मलिहाने आपला मोबाईल त्याच्या कानावरून काढून घेतला आणि महामायाने आपला लावला.